गोव्यातली मिरची आणि औंधचा दगड

आज आपण एका सहलीबद्दल बोलणार आहोत. सहलीचं वर्णन असं नाही, पण त्या सहलीत जे बघितलं ते कसं बघायचं, याबद्दल.

आमच्या खंडाळा तालुक्यातल्या गटांची सहल ठरवायला बैठक बसली, तेव्हा दोन नावं पुढं आली होती, तुळजापूर आणि पंढरपूर. दोन्ही ठिकाणी आम्ही जाऊन आलोय, परत जायलाही आवडतं. पण एका ताईनं समुद्राचं नाव काढलं. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी समुद्र फक्त टीव्हीवर बघितला होता. मग गोवा ठरलं, आणि गोव्याला जायचंच आहे तर तिथलं आधुनिक कलेचं संग्रहालय बघू, असं आम्ही सुचवलं. त्यावर खोलीत जी शांतता पसरली ती हप्ता थकल्यावरच पसरते.

त्या शांततेला कारण होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही पाचजणी एका मोठ्या शहरात मसाल्याचा स्टॉल घेऊन गेलो होतो. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून जवळच्या एका कलादालनात चित्रं बघायला गेलो. दारावरच्या माणसानं आमच्या हातातल्या पिशव्यांकडं बघितलं आणि विचारलं, "तुमचं इथं काय काम?" बघायला आलोय असं सांगायला आमच्यापैकी एकीचीही जीभ उचलली नाही. आम्ही परत फिरलो. दर तीन जानेवारीला नायगावला सावित्रीबाईंना हार घालणाऱ्या, त्यांच्याच तालुक्यातल्या पाच बायका, एका प्रश्नानं दारातून परत फिरल्या. तेव्हापासून गटात असं धरूनच चाललं की ती जागा आपली नव्हे, आणि आत गेलो असतो तरी आपल्याला काही कळलं नसतं.

तेव्हा बैठकीत प्रश्न सहलीचा नव्हताच. परत कुणी तसं विचारलं तर काय करायचं, हा होता. शेवटी हात वर करून मत घेतलं. बारा विरुद्ध नऊ. नऊजणींपैकी सातजणी तरीही आल्या. दोघींना घरून परवानगी मिळाली नाही. "देव सोडून चित्रं कसली बघायची," असं एकीच्या सासूबाई म्हणाल्या. त्यावर आमच्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं.

रात्री गाडी निघाली. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, मग संकेश्वरवरून आत वळून गडहिंग्लज, आजरा आणि आंबोलीचा घाट. संकेश्वर आलं तशी आमची मसाला करणारी ताई झोपेतून उठून बसली. तिची सगळी उमर संकेश्वरी मिरचीचे देठ खुडण्यात गेलेली, आणि ते गाव ती पहिल्यांदाच बघत होती, तेही अंधारात. ही गोष्ट इथं सांगून ठेवतो, कारण मिरचीचं पुढं काम आहे.

संग्रहालयाचं नाव 'म्युझियम ऑफ गोवा'. ते बार्देश तालुक्यात पिळर्ण गावात आहे. सुबोध केरकर या गोव्यातल्या कलावंतानं ते २०१५ साली सुरू केलं. केरकर हे मूळचे डॉक्टर. डॉक्टरी बाजूला ठेवून ते पूर्णवेळ कलेत आले. संग्रहालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'मोग' होतं, आणि कोकणीत मोग म्हणजे प्रेम. बाहेर गोव्याची हिरवाई, नारळ, काजू, पण संग्रहालय स्वतः औद्योगिक वसाहतीत आहे. आत शिरताना आम्हाला थेट शिरवळच्या एमआयडीसीतून चाललोय असं वाटलं. खरं सांगायचं तर बऱ्याचजणींचा हिरमोड झाला. समुद्र कुठाय? समुद्र तिथून दहा-पंधरा मिनिटांवर, कांदोळीला. पण आत गेल्यावर कळलं की केरकरांच्या कामात समुद्र जागोजागी आहे.

दारात आम्हाला कुणी काही विचारलं नाही. तिकीट घेतलं आणि आत गेलो. एवढ्या साध्या गोष्टीनं आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, ती त्या पाचजणींतली एक होती.

आता मिरची. तिथं एक लालभडक, प्रचंड मोठी मिरची आहे, माणूस लहान दिसावा एवढी. पहिल्यांदा सगळ्याजणी हसल्या. फोटो काढले. मग प्रश्न आला, ही कशाला केली असेल? आम्ही आधी थोडं वाचून गेलो होतो, तेवढं सांगितलं. मिरची आपली नाही. ती अमेरिका खंडातली. समुद्र ओलांडून वास्को द गामा १४९८ साली केरळात कालिकतला आला, पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून ज्या गोष्टी इकडं उतरल्या त्यांत मिरची होती. बटाटा, टोमॅटो, काजू, अननस, पपई, पेरू, हे सगळंही मूळचं तिकडचंच. त्याआधी आपल्या जेवणात तिखटपणा होता तो मिरीचा. मिरीवरूनच मिरचीला नाव पडलं. म्हणजे ज्ञानेश्वर माऊलींच्या काळात कुणाच्याही घरात लाल तिखट नव्हतं. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं ती या किनाऱ्यावर उतरलेली.

आमची मसाला करणारी ताई त्या मिरचीसमोरून हलेना. कांदा-लसूण मसाला म्हणजे आमच्या साताऱ्याची ओळख, असं आम्ही प्रत्येक पाकिटावर छापतो. ती म्हणाली, "मग पाकिटावर काय खोटं छापतोय का आपण?" यावर तिथंच वाद झाला. एकजण म्हणाली, कांदा लोणंदचा आहे, तो तरी आपला. दुसरी म्हणाली, पाचशे वर्षं घरात नांदलेली सून परकी कशी? हा वाद आम्ही अजून मिटवलेला नाही. पण मैत्रिणींनो, लक्षात घ्या, संग्रहालयात उभ्या असलेल्या एका वस्तूनं रोजच्या डंकावरच्या मिरचीबद्दल आम्हाला भांडायला लावलं. ती मिरची सुंदर आहे की नाही, हे कुणी विचारलंच नाही. आधुनिक कला पुष्कळदा हेच करते. ओळखीची वस्तू उचलून मोठी करते, जागा बदलते, आणि तुम्हाला तिच्याकडं परत बघायला लावते.

जाता जाता एक गंमत. शब्दही असेच जहाजातून उतरलेत. बटाटा, पाव, चावी, बिजागरी हे पोर्तुगीज शब्द. आणि पगारसुद्धा. हे ऐकल्यावर एकजण म्हणाली, शब्द आला, पैसे यायचे राहिले.

दुसरी गोष्ट जी आमच्या लक्षात राहिली ती थाळ्यांची. केरकरांनी चिनी मातीच्या थाळ्या समुद्राच्या तळाशी ठेवल्या आणि बराच काळ तशाच राहू दिल्या. त्यांवर कालवं आणि शंखशिंपल्यांतले जीव येऊन चिकटले, वाढले. मग त्या बाहेर काढून मांडल्या. जुन्या काळी चीनची भांडी घेऊन जाणारी जहाजं या समुद्रातून जायची, काही बुडायची, हा त्यामागचा संदर्भ. म्हणजे अर्धं काम माणसानं केलं आणि अर्धं समुद्रानं. एका ताईनं त्या थाळीकडं बघून म्हटलं, "आमच्या बोअरच्या पायपाला क्षार धरतो, तसंच आहे की." अगदी बरोबर. तिला कालव माहीत नव्हतं, पण पाण्यात राहिलेल्या वस्तूवर पाणी काय करतं, हे माहीत होतं. तिला जे दिसलं ते पुस्तक वाचून आलेल्या माणसाला दिसलं असतंच असं नाही.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण "हे कसलं चित्र, यात काहीच ओळखू येत नाही" असं म्हणून आपण पुढं सरकतो.

आपल्या घरातल्या देवदेवतांच्या तसबिरी बघा. लक्ष्मी, सरस्वती जशा आपल्या डोळ्यांसमोर येतात, तो चेहरा, ती नेसलेली साडी, हे बरंचसं राजा रविवर्मा यांचं देणं. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि तिथून ही चित्रं घरोघर गेली. (आमचं खंडाळा ते नव्हे, बरं का. फोनवर हे प्रत्येकाला सांगावं लागतं.) त्या चित्रांत माणूस माणसासारखा दिसतो. पण तोवर कॅमेरा आला होता. हुबेहूब दाखवायचं काम यंत्र करू लागलं, तेव्हा चित्रकारांपुढं प्रश्न पडला की मग आपण काय करायचं? काहींनी रंग मोकळे सोडले, काहींनी आकार मोडले, काहींनी ओळखीचं सगळं काढून टाकून नुसता रंग आणि रेघ ठेवली. कारणं आणखीही होती, युद्धं होती, यंत्रं होती, शहरं होती. पण सुरुवातीला एवढं कारण पुरेसं आहे.

नुसता रंग आणि रेघ यात बघायचं काय, असं वाटेल. आमचं उत्तर आहे, वाकळ. जुन्या साड्यांचे, धोतराचे तुकडे घेऊन आपण वाकळ शिवतो. तिच्यात कशाचं चित्र असतं? कशाचंच नाही. लाल तुकड्याशेजारी कुठला ठेवायचा, काठ कुठं फिरवायचा, धावदोरा किती जवळ घालायचा, एवढंच. तरी दोन वाकळी शेजारी ठेवल्या की कुठली चांगली जमलीय हे आपल्यातली कुठलीही बाई क्षणात सांगते, आणि "यातून काय सांगायचंय?" असं कुणी विचारत नाही. मग भिंतीवरच्या चित्राला तरी तो प्रश्न पहिल्याच दमात का विचारायचा? आम्ही गोव्यात प्रश्न बदलले. हे कशाचं केलंय? हात कुठं कुठं लागलाय? वेळ किती गेला असेल? हे जड आहे की हलकं? हे प्रश्न आपल्या कामातले आहेत, आणि ते विचारले की वस्तू बोलायला लागते. आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणा. आम्हालाही तिथलं सगळं आवडलं नाही. काही वस्तू नुसत्या चमकदार वाटल्या, दुकानात ठेवाव्यात तशा.

पिळर्णच्या शेजारचं गाव साळगाव. फ्रान्सिस न्यूटन सूझा हे आधुनिक भारतीय चित्रकलेतलं मोठं नाव, त्यांचा जन्म तिथला, १९२४ सालचा. वडील लवकर गेले, आईनं मुंबईत लोकांचे कपडे शिवून मुलाला वाढवलं. लहानपणी देवी आल्या तेव्हा आईनं सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला, म्हणून नावात फ्रान्सिस आलं. पुढं १९४७ साली मुंबईत त्यांनी मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या सहाजणी आहेत. चित्रापेक्षा त्यांना ही शिलाई मशीनची गोष्ट जवळची वाटली, आणि त्यात वावगं काही नाही.

दुपारी कांदोळीच्या किनाऱ्यावर गेलो. इथं आम्हाला जास्त काही सांगायचं नाही. ज्या ताईनं समुद्राचं नाव काढलं होतं ती वाळूत बसली आणि दीड तास उठली नाही. डबा उघडला नाही, फोन काढला नाही. तिचं वय पंचावन्न. लग्नानंतर काही न करता एवढा वेळ आपण कधी बसलो होतो, हे ती आठवत होती आणि तिला आठवत नव्हतं. आम्ही तिला मध्ये बोलावलं नाही.

समुद्राजवळ संग्रहालय असण्याचा फायदा आम्हाला तिथं कळला. आत डोळे थकतात. एकापाठोपाठ एक वस्तू बघून डोकं भरतं. मग बाहेर मोकळं पाणी लागतं, आणि मघाशी बघितलेलं हळूहळू खाली बसतं. हे ओळखून बांधलेलं एक जगप्रसिद्ध संग्रहालय डेन्मार्क देशात आहे, त्याचं नाव लुइझियाना. कोपनहेगन शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर, हुमलेबेक या गावी, अगदी समुद्रकाठी. आम्ही ते मोबाइलवर बघितलंय, तिथं जाण्याइतकी भिशी आमची लागणार नाही. क्नुड येन्सन नावाच्या माणसानं ते १९५८ साली उघडलं. त्याच्या घरचा चीजचा घाऊक व्यापार होता. त्यानं जुना बंगला आणि बाग घेतली आणि झाडांमधून वळत जाणारे, काचेच्या भिंतींचे बुटके व्हरांडे बांधून घेतले. त्यामुळं चालताना एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला झाड, पुढं गेलं की हिरवळ आणि खाली समुद्र, पलीकडं स्वीडनचा किनारा. नावाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. बंगल्याच्या पहिल्या मालकानं तीन लग्नं केली, आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ. त्यावरून लुइझियाना.

त्या हिरवळीवर, समुद्राच्या पार्श्वभूमीवर, एक आडवी पहुडलेली बाई आहे, ब्राँझची, दोन तुकड्यांची. मधल्या फटीतून पलीकडचं दिसतं. ती केली हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं. मूर कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा, १८९८ सालचा, आठ भावंडांतला सातवा. आईला संधिवात होता, आणि लहानपणी तिच्या पाठीला औषध चोळायचं काम त्याच्याकडं होतं. पुढं आयुष्यभर त्यानं बायकांच्या रुंद पाठी, खांदे, मांडीवरचं मूल हे घडवलं, त्यात त्या पाठीची आठवण होती हे त्यानं स्वतः सांगितलंय. समुद्रकाठचे गोटे, हाडं, शिंपले तो गोळा करायचा, आणि पाण्यानं झिजलेल्या गोट्याचा गुळगुळीतपणा त्याच्या शिल्पांत उतरला. आपलं शिल्प इमारतीपेक्षा उघड्या रानात असावं, असं त्याला वाटायचं.

आणि आता ऐका. या हेन्री मूरचं एक शिल्प, आई आणि मूल, आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. औंधला. यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर, श्री भवानी वस्तुसंग्रहालयात. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे ते हेच. तिथं रविवर्म्यांची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि त्यांच्याच संगतीत हा मूरचा दगड. रविवर्म्याच्या बाईचा दागिना न् दागिना मोजता येतो. मूरच्या आईला नाक-डोळेही फारसे नाहीत. दोन्ही एकाच दिवशी, एकाच छपराखाली बघायला मिळणं याहून चांगली शिकवणी नाही. आमच्यातल्या कितीतरीजणी यमाईला वर्षानुवर्षं जातात, त्या दारावरून जातात, आणि आत गेलेल्या नाहीत. आम्हीही नव्हतो गेलो. ज्या गोष्टीसाठी गाडी करून रात्रभर प्रवास केला, तिचा एक धागा घराजवळ होता, हे गोव्याहून परत आल्यावर कळलं.

खर्चाचं विचारलं जाईल म्हणून सांगतो. सहलीचे पैसे आम्ही गटाच्या बचतीतून किंवा अंतर्गत कर्जातून घेतले नाहीत, आणि तुम्हीही घेऊ नका, हिशेबात घोळ होतो आणि घरच्यांच्या तोंडाला विषय मिळतो. वेगळी भिशी काढली, महिन्याला शंभर रुपये, वही वेगळी. संग्रहालयाची वेळ, तिकीट आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारून घ्या. मांडणी बदलत असते, त्यामुळं आम्ही सांगितलेली वस्तू तुम्हाला दिसेलच असं नाही. हात लावू नका म्हणतात तिथं लावू नका. दगड बघून हात शिवशिवतो हे आम्हाला मान्य आहे, पण हजारो हातांच्या घामानं रंग आणि दगडही खराब होतो. दोन तासांपेक्षा जास्त बघू नका, आणि म्हाताऱ्या बायकांना मध्ये बसायला लावा. आणि दारात कुणी "काय काम?" म्हणून विचारलं, तर "बघायला आलोय" एवढं म्हणायचं. आम्ही गाडीत हे वाक्य सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं होतं. लागलं नाही, पण म्हणून घेतलं होतं.

पुढच्या महिन्यात औंध ठरलंय. सकाळी यमाईचं दर्शन, मग संग्रहालय. ज्या दोघींना गोव्याला सोडलं नव्हतं त्या येणार आहेत. सासूबाईंनाही आम्ही विचारलं. देव आधी आहे म्हटल्यावर त्या तयार झाल्या, आणि डब्यात मेथीचे पराठे त्याच करून आणणार आहेत.